पहिल्या तासाला ४२

ईएसआरचा, म्हणजे रक्त किती वेगानं खाली बसतं ते मोजायच्या चाचणीचा, स्टँड उन्हात ठेवायचा नाही, पंख्याखाली ठेवायचा नाही आणि सेंट्रिफ्यूज ज्या टेबलावर फिरतो त्या टेबलावर तर अजिबात नाही. लॅबमधल्या पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं गेलं. काचेची बारीक नळी, तिच्यावर ० ते २०० मिलिमीटरच्या खुणा. गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळलेलं रक्त शून्याच्या खुणेपर्यंत ओढायचं, नळी स्टँडमध्ये सरळ उभी करायची आणि घड्याळ बघायचं. नळी थोडी जरी कलली तरी रक्त भराभर खाली बसतं आणि रिपोर्ट चुकतो. तासाभरानं लाल रक्त किती खाली उतरलं, वर पिवळसर पाणी किती सुटलं ते मोजायचं आणि लिहायचं : पहिल्या तासाला अमुक मिलिमीटर.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला आता २७ वर्षं होत आली. या काळात किती नळ्या उभ्या केल्या याचा हिशोब नाही. त्यांतल्या ३ नळ्या मात्र माझ्या वडिलांच्या होत्या. २००३ साली ३८. २००५ साली ४२. २००८ साली ४५. तिन्ही आकडे माझ्या अक्षरातले आहेत. २००९ च्या मार्चमध्ये, गुऱ्हाळाचा हंगाम आटपत आला असताना, आबा पहाटे छातीला हात लावून खाली बसले ते उठले नाहीत. वय ६१.

आबा गुळवे होते. करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या पल्याडच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत त्यांना हंगामाला बोलावणं असायचं. काहिलीत रस कधी फुटला, मळी कधी काढायची, पाक उतरायची नेमकी वेळ कोणती, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत आणि बोटांत होतं. दिवसभर काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं पडत राहायची. रात्री शेवटचं आदण उतरलं की जाळ घालणं थांबायचं, वर राख साचायची आणि आम्ही पोरं चुलवाणाच्या भिंतीला पाठ लावून बसायचो. पौष महिन्यातल्या थंडीत त्या मातीच्या भिंतीसारखी ऊब दुसरीकडे नव्हती. एकदा मी म्हणाले, "आबा, इस्तू तर इजलाय." त्यांनी माझा हात धरून भिंतीवर टेकवला. "भिताडाला इचार की. आत हाय अजून."

हे वाक्य मला पुढं कितीतरी वर्षांनी, भलत्याच ठिकाणी आठवलं.

इन्फ्लमेशनला आपण मराठीत सूज म्हणतो, पुस्तकात दाह म्हणतो. दोन्ही शब्दांतून डोळ्यांपुढं येतो तो मुरगळलेला घोटा नाहीतर पिकलेला फोड. रोमन लेखक सेल्ससनं २००० वर्षांपूर्वी तिची चार लक्षणं सांगितली ती अशीच : लाली, सूज, ऊब, ठणका. पण जी सूज वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, पोटाच्या चरबीत, हिरड्यांत मुरत असते तिला यांतलं एकही लक्षण नसतं. माणूस रानात जातो, जेवतो, झोपतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका एक शब्द वापरायच्या, हाडी ताप. थर्मामीटरला लागत नाही, हाताला लागत नाही, पण माणूस आतून सुकत जातो असा ताप. त्यांचा रोख बहुतेक वेळा क्षयाकडे असायचा हे मला माहीत आहे. तरी हा शब्द मला नेमका वाटतो. त्यांनी नसलेल्या लक्षणालाच नाव दिलं होतं.

ईएसआर ही त्या हाडी तापाची सगळ्यांत जुनी मोजणी. लाल पेशींवर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून लांब राहतात आणि सावकाश खाली बसतात. शरीरात कुठं दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, पेशींमधला हा दुरावा संपतो आणि त्या एकीवर एक चढून नाण्यांच्या चवडीसारख्या रचल्या जातात. चवड जड, म्हणून लवकर बुडते. एडमंड बिएरनाकी या पोलिश डॉक्टरनं १८९७ मध्ये हे मांडलं. १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फोरेअसला गरोदर बायकांचं रक्त लवकर बसतं असं दिसलं, तो तर गरोदरपणाची चाचणी शोधत होता. आणि १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेननं क्षयरोग्यांवर काम करून जी पद्धत बसवली तीच मी शाहूपुरीत करत आले.

त्या क्षयानं आपल्याकडे ईएसआरचं नशीब ठरवलं. मी कामाला लागले तेव्हा डॉक्टर जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर ईएसआर लिहायचे. आकडा वाढलेला दिसला की घरच्यांचा चेहरा उतरायचा, आता टीबी निघणार म्हणून. एक्स-रे आणि थुंकी साफ आली की सगळे सुटकेचा श्वास सोडायचे आणि तो आकडा पिशवीत जायचा. बायकांच्या बाबतीत तर त्याच्यावर विसंबणंही कठीण, कारण अंगात रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन बरं निघतं?

आबांचं अगदी असंच झालं. पुरुषाच्या बाबतीत ढोबळ नियम असा की वयाच्या निम्म्यापर्यंत ईएसआर चालतो. २००५ साली आबा ५७ चे, म्हणजे २८-२९ पर्यंत ठीक. आला ४२. छातीचा फोटो साफ. हिमोग्लोबिन १३ च्या वर. साखर काठावर. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का कुठं?" आबा म्हणाले, "दुखायला काय झालंय, काम करतोय की." मी शेजारीच उभी होते. मलाही त्यापुढचा प्रश्न सुचला नाही. घरी जाताना गंगावेशीत कट्ट्यावर त्यांनी मला ग्लासभर धारोष्ण दूध पाजलं, आणि जे निघालं नाही त्याचा आनंद आम्ही दोघांनी केला.

सीआरपी ही ईएसआरची धाकटी बहीण, पण फार हुशार. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक गोष्ट सापडली. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाशी गाठ पडली की ती साका धरायची आणि रोगी बरा झाला की नाहीशी व्हायची. म्हणून नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते आपलं यकृत बनवतं. दाहाच्या जागेवरून इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप रक्तातून यकृतापर्यंत येतो आणि काही तासांत सीआरपी चढायला लागतं, मोठ्या संसर्गात हजारपटीपर्यंत. कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मं होत उतरतं. ईएसआर उतरायला आठवडे घेतो, त्यामुळे कालचं भांडण आजही सांगत बसतो. सीआरपी आजचं बोलतं.

कोल्हापूरला हे नाव तोंडपाठ झालं ते २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनात. त्याआधी लॅबच्या खिडकीशी कुणी सीआरपी म्हटलं की लोकांना इथला सरकारी सीपीआर दवाखाना वाटायचा. मग मे-जूनमध्ये रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे विचारायला लागले, "सीआरपी किती आला? डी-डायमर किती?" ८०, १२०, १५० असे आकडे मी दिवसभर टाइप करायचे आणि खिडकीपलीकडचे मास्कवरचे डोळे बघायचे. ती भीती लोकांच्या मनातून गेलेली नाही. आजही कुणाचा ७ आला की घरात रडारड होते. काही लॅब हा आकडा लिटरला देतात, काही डेसिलिटरला. दोन्हींत दहापटीचा फरक पडतो. एका लॅबचा ०.७ आणि दुसऱ्या लॅबचा ७ एकच असतो, हे मी खिडकीतून शंभरदा तरी समजावलं असेल. एकक बघितल्याशिवाय दोन रिपोर्ट शेजारी ठेवू नयेत.

पण मला सांगायचंय ते ८० आणि १२० बद्दल नाही. ते जळतं घर असतं, धूर सगळ्यांना दिसतो. मला सांगायचंय ते २ बद्दल, ४ बद्दल. साध्या चाचणीत हे आकडे नॉर्मलच्या रांगेत बसून जायचे. नंतर बारीक मोजणारी पद्धत आली, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी. प्रथिन तेच, फक्त काटा सोनाराचा. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेनं २००३ साली पट्टे ठरवले : लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयाचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर सर्दी-खोकला, जखम काहीतरी चालू आहे असं समजून पुन्हा तपासायचं. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करायचं. आमच्याकडे तालमीतली पोरं येतात, आदल्या दिवशी मैदान मारून अंग मोडून आलेली. त्यांना मी परत पाठवते. त्या दिवशी रक्तात कुस्तीच बोलते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनच्या पॉल रिडकर यांच्या गटानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो मी मुलाकडून मोबाइलवर घेऊन दोन रात्री वाचला. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या २७,९३९ निरोगी बायकांचं रक्त एकदा घेतलं. या बायका आरोग्यसेवेत काम करणाऱ्या, म्हणजे माझ्याच जातकुळीतल्या. सरासरी वय ५५ च्या आसपास. त्या एकाच नमुन्यात एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल मोजलं आणि हा बारीक सीआरपी मोजला. मग ३० वर्षं बघितलं कुणाला हार्ट ॲटॅक येतो, कुणाला पक्षाघात होतो, कोण हृदयविकारानं जातं. सीआरपी सगळ्यांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्श्याला, सगळ्यांत कमी असलेल्या पाचव्या हिश्श्यापेक्षा धोका ७० टक्क्यांनी जास्त निघाला. एलडीएलच्या बाबतीत हाच फरक ३६ टक्के होता.

३० वर्षं. दंडातून एकदा काढलेलं ५-१० मिली रक्त, आणि त्यातली एवढीशी धग ३० वर्षं पुढचं काहीतरी सांगत होती. आम्ही नमुने आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवतो आणि मग लाल पिशवीत टाकतो. आबांचं रक्तही मी असंच टाकलं.

आणि हे फक्त हृदयापुरतं नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५४ अभ्यासांतल्या १,६०,३०९ लोकांची माहिती एकत्र करून बघितली गेली. त्यांच्यातल्या कुणालाही सुरुवातीला हृदयविकार नव्हता. ज्यांचं सीआरपी चढं होतं त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात जास्त होतेच, पण काही कॅन्सरनं आणि फुप्फुसाच्या रोगानं होणारे मृत्यूसुद्धा जास्त होते. हे वाचून मी पहिल्यांदा गोंधळले. एक प्रथिन इतक्या वेगवेगळ्या मरणांची खबर कशी देईल? मग भिंत आठवली.

सीआरपी ही भिंत आहे. जनुकांच्या अभ्यासानं हे फार सुंदर रीतीनं दाखवलं. काही माणसांना जन्मतःच अशी जनुकं मिळतात की त्यांचं सीआरपी आयुष्यभर थोडं जास्त असतं. सीआरपी स्वतःच घात करत असतं तर या लोकांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. तसं होत नाही. याउलट इंटरल्युकिन-६ चा निरोप ज्यांच्यात जन्मतः क्षीण असतो, त्यांना हृदयविकार कमी होतो. म्हणजे जाळ निरोपाच्या बाजूला आहे, सीआरपी फक्त तापतं. भिंतीवर पाणी मारून चुलवाण विझत नाही. आत चिपाडं कोण घालतंय ते बघावं लागतं, आणि ते दर माणसाचं वेगळं असतं. कुणाचं पोट, कुणाची तंबाखू, कुणाची साखर, कुणाचा संधिवात, कुणाच्या छातीतला वर्षानुवर्षांचा धूर. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पुरुषांत सीआरपी गोऱ्यांपेक्षा जास्त सापडलं, त्याचा धागा पोटाच्या घेराशी जुळला. आपली अंगकाठी बारीक आणि पोट पुढं, हे मला खिडकीतून रोज दिसतं.

जाळ कमी केला तर माणूस वाचतो का, हेही करून बघितलंय. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ जण घेतले, ज्यांचं कोलेस्टेरॉल फार नव्हतं पण सीआरपी २ किंवा जास्त होतं. स्टॅटिनची गोळी मिळालेल्यांत हृदयाच्या घटना ४४ टक्क्यांनी घटल्या आणि एकूण मृत्यूही कमी झाले. पण स्टॅटिन कोलेस्टेरॉलही उतरवतं, मग श्रेय कुणाचं हा वाद राहिला. तो सुटावा म्हणून कॅन्टॉस नावाची चाचणी झाली, तिचा निकाल आला २०१७ साली. हार्ट ॲटॅक येऊन गेलेले १०,०६१ रोगी आणि फक्त दाहाचा निरोप तोडणारं इंजेक्शन. पुढचे झटके १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जंतुसंसर्गानं होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. हे वाचताना मला फार वाईट वाटलं होतं. पण त्यात नवल नाही. चुलवाण पुरतं विझवलं तर रात्री कोल्हे येतात, हे गुऱ्हाळावर झोपलेल्या कुणालाही माहीत असतं. दाह हा आपला राखणदारही आहे.

श्रावण-भाद्रपदात पन्हाळ्याच्या उतारावर कळलावी फुलते. पानाच्या टोकाला वळलेला ताणा, आणि फूल म्हणजे उलटी ज्योतच, पिवळ्यातून लाल होत गेलेली. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. बाळंतपणाच्या कळा लावायला तिचा कंद वापरत, म्हणून कळलावी. त्या कंदात कोल्चिसिन असतं, आणि हेच औषध वातरक्ताच्या, म्हणजे गाऊटच्या सुजेवर कितीतरी काळापासून दिलं जातं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या ५,५२२ जुन्या हृदयरोग्यांना त्याचा रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन बघितला, तर हृदयाच्या घटना ३१ टक्क्यांनी घटल्या. पुढं २०२४ मध्ये ताज्या हार्ट ॲटॅकनंतर दिलं तेव्हा मात्र फायदा दिसला नाही. कुणी हे वाचून पन्हाळ्याला कंद उकरायला जाऊ नये, हात जोडून सांगते. तो जहरी आहे, माणसं त्यानं मेलेली आहेत. मला एवढंच नवल वाटतं की दाहावरचं औषध ज्वाळेच्या आकाराच्या फुलाखाली, आपल्याच डोंगरात पुरलेलं आहे.

गेल्या वर्षी मी आईचं सीआरपी केलं. ती आता ७४ ची. रक्तदाब सोडला तर काही नाही, साखर बरी, चालणं ठीक. ५.८ आला. दोन आठवड्यांनी पुन्हा केला, ५.४. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखतंय का कुठं?" आई म्हणाली, "न्हाई की." ते उठायला लागले तेव्हा मी म्हणाले, "साहेब, तोंड बघू या का?" आई गेली ५० वर्षं मिश्री लावते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो वास माझ्या लहानपणीच्या प्रत्येक सकाळीला आहे.

दाताच्या डॉक्टरांनी टॉर्च मारली. खालच्या हिरड्या दातांपासून सुटलेल्या, दाबलं की पू. दोन दात काढले, बाकीचे चार बैठकांत साफ केले. २००७ साली झालेल्या एका चाचणीत १२० जणांच्या हिरड्यांवर असाच कडक उपचार केला होता. पहिल्या दिवशी दाह उलट भडकला आणि सहा महिन्यांनी रक्तवाहिन्या आधीपेक्षा चांगल्या प्रसरण पावू लागल्या. म्हणून मीही घाई केली नाही. मिश्रीचा डबा आईनं स्वतःहून माझ्याकडे दिला असं झालं नाही. दोन महिने भांडलो आम्ही. मग एक दिवस डबा फडताळात दिसला नाही, आणि मी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी रक्त काढलं. ३.२. एवढ्यावरून तिचं आयुष्य किती वाढलं हे कुणी सांगू शकत नाही, मीही नाही. रविवारी गावाकडे गेले आणि रिपोर्ट तिला वाचून दाखवला. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "आबांचं किती हुतं गं?"

रिपोर्टांची पिशवी ट्रंकेत, त्यांच्या फेट्याखाली होती. मी काढली. "सीआरपी तेव्हा कुणी केलं नव्हतं. दुसरं हाय. पहिल्या तासाला ४२."

"लई हाय व्हय?"

"जास्त हाय. तेव्हा कळलं न्हाई कशानं."

आई बराच वेळ गप्प बसली. अंगणातल्या मोरीकडे बघत होती.

"दुखत नव्हतं त्यास्नी," ती म्हणाली. "पर सकाळी चूळ भरली की लाल पडायची. वरीसनवरीस. तंबाखूचं असंल म्हणून मी चुलीतली राख आणून त्यावर टाकत हुतो, पोरींनी बघू नये म्हणून."